फ्योर्डमधली क्रूझ आणि फ्लोम गाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्वेची क्रूझ ठरली की व्हिसा, थंडी, जेवण आणि "एका दिवसात बघून होईल ना?" हे प्रश्न ठरलेलेच. इथली उत्तरं मुख्यतः एका मार्गाबद्दल आहेत. जहाज समुद्रातून सोग्नेफ्योर्डमध्ये शिरतं, तिथून आउर्लान्सफ्योर्डमध्ये वळतं आणि फ्लोम नावाच्या छोट्याशा गावाच्या धक्क्याला लागतं. माझं एक ठाम मत उत्तरांमध्ये जागोजागी दिसेल: या दिवशीचं सर्वांत मोलाचं जे आहे ते जहाजाच्या उघड्या डेकवर आणि गावाच्या मागच्या दरीत आहे. धक्क्यालगतच्या दुकानांत अर्धा दिवस घालवून परत येणारे लोक बघितले की मला मनापासून वाईट वाटतं.

फ्योर्ड म्हणजे नेमकं काय? आपल्या खाडीसारखंच का?

दिसायला दोन्हीकडे समुद्राचं पाणी जमिनीत आत शिरलेलं, पण घडण अगदी वेगळी. कोकणातली खाडी म्हणजे नदीचं मुख. उथळ, गाळाची, काठाला खारफुटी. फ्योर्ड कोरला हिमनदीने. हिमयुगांमध्ये शेकडो मीटर जाडीचा बर्फ आधीच्या नदीखोऱ्यांतून घासत सरकत राहिला आणि त्याने खडक खरवडून खोल, उभ्या भिंतींची दरी केली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ ओसरला आणि समुद्र आत आला.

सोग्नेफ्योर्ड सुमारे २०५ किलोमीटर लांब आहे आणि त्याची सर्वाधिक खोली १,३०८ मीटर. गंमत अशी की ही खोल जागा समुद्राजवळ नसून पुष्कळ आत आहे. मुखाशी तळ उंबऱ्यासारखा वर येतो, कारण समुद्राजवळ बर्फ पसरून पातळ झाला आणि त्याची खरवडण्याची ताकद संपली. डेकवर उभं राहून समोरचा हजार मीटरचा कडा बघताना हे लक्षात असू द्या. कडा पाण्याशी थांबत नाही, तसाच खाली उतरत जातो.

पाण्याचा हिरवट-निळा रंगही हिमनद्यांचीच देणगी. खडकाची पिठासारखी बारीक भुकटी वितळलेल्या पाण्याबरोबर येते, पाण्यात तरंगत राहते आणि उजेड पसरवते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे गोडं पाणी वर आणि खारं पाणी खाली अशी थरांची रचना असते.

जहाज फ्योर्डमध्ये कधी शिरतं? तेव्हा जागं राहायलाच हवं का?

हो. या पानावरचा एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या.

बहुतेक जहाजं सकाळी सात-आठच्या सुमाराला फ्लोमला लागतात. समुद्रापासून तिथवर यायला वेगाप्रमाणे पाच-सहा तास जातात, म्हणजे सोग्नेफ्योर्डचा बराचसा भाग प्रवासी झोपेत असतानाच मागे पडतो. रात्रभर जागू नका, पण पहाटे साडेपाचला गजर लावा. जूनमध्ये तेव्हा लख्ख उजाडलेलं असतं. वरच्या डेकवर, शक्यतो पुढच्या टोकाला जा. सोबत गरम चहा असू द्या.

मुख्य सोग्नेफ्योर्ड रुंद आणि भारदस्त आहे. जहाज दक्षिणेला आउर्लान्सफ्योर्डमध्ये वळलं की दोन्ही काठ जवळ येतात आणि इंजिनाचा आवाज मंदावतो. उजवीकडे आधी नॅरॉयफ्योर्डचं तोंड दिसतं. तिथे कडे इतके जवळ आहेत की पाणी पुढे जातं की संपतं हे क्षणभर कळत नाही. मग त्याच बाजूला उन्द्रेदाल हे गाव: मूठभर घरं, मध्ये एक चिमुकलं पांढरं चर्च, मागे सरळ उभा डोंगर. थोड्या वेळाने डावीकडे आउर्लान. आणि अगदी टोकाला, जिथे पाणी संपतं, तिथे फ्लोम.

ढग असले तरी खोलीत परतू नका. ढगांचे पट्टे कड्यांच्या निम्म्या उंचीवर अडकलेले असतात आणि धबधबे थेट ढगातूनच पडताना दिसतात. निरभ्र दिवसापेक्षा मला असा दिवस जास्त आवडतो.

डावीकडची खोली घ्यावी की उजवीकडची? बाल्कनी हवीच का?

आत जाताना वर सांगितलेल्या दोन मोठ्या गोष्टी उजवीकडे, बाहेर पडताना त्याच डावीकडे. म्हणजे हिशेब सारखाच. बाल्कनीतून एकच काठ दिसतो, फ्योर्ड बघायचा तो दोन्ही काठांसकट. बाल्कनीचे पैसे वाचवून ते गावातल्या बोटीवर किंवा रेल्वेवर खर्च केलेत तर दिवस जास्त भरीव होईल.

कोणत्या महिन्यात जावं?

धबधब्यांसाठी मे अखेर ते जून. डोंगरमाथ्यावरचं बर्फ तेव्हा भराभर वितळतं आणि एरवी कोरडे दिसणारे कातळही वाहू लागतात. ऑगस्टपर्यंत कित्येक छोटे धबधबे बारीक होतात. जुलैत हवा सर्वांत उबदार आणि गर्दीही सर्वाधिक. सप्टेंबरमध्ये बर्चची झाडं पिवळी पडतात, गर्दी कमी होते, दिवस लहान होतो. शाळेच्या सुट्टीचा अडसर नसेल तर मी जूनचा पहिला पंधरवडा सुचवेन.

पावसाबद्दल एक गैरसमज आहे. बर्गन हे युरोपातल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. म्हणून लोक समजतात की सगळा भाग तसाच. पण ढग किनाऱ्याच्या डोंगरांवरच बरंचसं पाणी टाकतात. फ्योर्डच्या आतला भाग पर्जन्यछायेत येतो आणि फ्लोमला बर्गनपेक्षा पुष्कळ कमी पाऊस पडतो. कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, रेनकोट हवाच.

मध्यरात्रीचा सूर्य दिसेल का?

फ्लोमला नाही. त्यासाठी आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला जावं लागतं, फ्लोम त्याच्या खूप दक्षिणेला आहे. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री ११ च्या सुमाराला मावळतो आणि चारच्या सुमाराला उगवतो. मधला वेळ संधिप्रकाशाचा. काळोख असा होतच नाही.

व्हिसा कोणता लागतो?

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, जहाजावर राहणार असलात तरी. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. मुंबई-पुण्यातून जाणाऱ्यांची उन्हाळ्यातली गर्दी लक्षात घेता अपॉइंटमेंट लवकर धरा. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा सक्तीचा आहे. अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे मुक्काम सर्वाधिक त्याच्याकडे. मुक्काम सारखा असेल तर जिथून प्रथम प्रवेश त्याच्याकडे.

इथे नीट बघायचं ते बंदर. जहाज हॅम्बुर्ग, कील किंवा कोपनहेगनहून सुटत असेल तर सगळं शेंगेनमध्येच. साउदॅम्प्टनहून सुटत असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा हवा. आणि जर्मनीहून निघालेलं जहाज वाटेत स्कॉटलंडच्या एखाद्या बेटावर थांबणार असेल, तर ब्रिटनचा व्हिसा आणि शेंगेनचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा असे दोन्ही लागू शकतात. बुकिंग करताना मार्गातलं प्रत्येक बंदर वाचा आणि क्रूझ कंपनीकडून व्हिसाची अट ईमेलवर लेखी घ्या. एजंटने तोंडी "काही लागत नाही" म्हटलेलं बंदरावरच्या काउंटरवर चालत नाही.

जहाज लागतं का? उलट्यांचा त्रास असणाऱ्यांनी काय करावं?

फ्योर्डच्या आत पाणी शांत असतं, चहाचा कप हलत नाही. त्रास झाला तर उत्तर समुद्रात किंवा उघड्या किनाऱ्याजवळ होतो. फ्लोमहून उत्तरेला गायरांगर या दुसऱ्या प्रसिद्ध फ्योर्डगावाकडे जाताना स्टाड नावाचं भूशिर लागतं, ते खवळलेल्या समुद्रासाठी प्रसिद्ध आहे. ज्यांना घाटात बस लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्यावी आणि गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी. कोणती गोळी, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा.

फ्लोम गाव नक्की केवढं आहे?

साडेतीनशे-चारशे वस्तीचं. आणि धक्क्याला लागणाऱ्या एकेका जहाजावर तीन-चार हजार माणसं असू शकतात. ही आकडेवारी मनात ठेवून उतरलात की सकाळी दहाला धक्क्यावर जे दिसतं त्याचा अर्थ लागतो.

धक्का, रेल्वे स्टेशन, भेटवस्तूंची दुकानं, खाण्याच्या जागा, रेल्वेचं छोटं संग्रहालय हे सगळं दोनशे-तीनशे पावलांत आहे. त्यालाच फ्लोम समजून बहुतेक लोक परततात. जुनं गाव मात्र दरीत वर आहे. नदीकाठच्या रस्त्याने सुमारे तीन किलोमीटर चालत गेलं की १६७० साली बांधलेलं काळपट लाकडी चर्च आणि त्याभोवतीची शेतं लागतात. रस्ता जवळपास सपाट आहे. दहा-पंधरा मिनिटं चाललात की धक्क्याचा गलका मागे राहतो आणि नदीचा आवाज ऐकू येतो. जून-जुलैत गवत कापून वाळत घातलेलं असतं, त्याचा वास दरीभर असतो.

गुडघे चांगले असतील तर वाटेतच ब्रेक्केफॉसेन धबधब्याची चढण आहे. तिथल्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत. नॉर्वेतल्या अनेक डोंगरवाटा शेर्पांनीच अशा बांधून दिल्या आहेत. पायऱ्यांचे दगड हात लावून बघा, सिमेंटशिवाय एकमेकांत कसे बसवलेत ते कळेल. वरून दरी आणि फ्योर्ड दोन्ही एका नजरेत येतात.

फ्लोमची रेल्वे इतकी प्रसिद्ध का? तिकीट कसं काढायचं?

समुद्रपातळीपासून जेमतेम दोन मीटरवरच्या फ्लोम स्टेशनातून निघून ही गाडी २०.२ किलोमीटरमध्ये ८६६ मीटर उंचीवरच्या म्युर्दाल स्टेशनला पोचते. नेहमीच्या रुळांवर, चढावर पकड देणारी दात्यांची पट्टी मध्ये नसताना. बहुतांश मार्गावर चढ ५.५ टक्के, म्हणजे दर १८ मीटरला एक मीटर. एवढ्या चढाला साधी रेल्वे जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

बोगदे वीस, त्यांतले अठरा हातांनी खोदलेले. काम १९२४ साली सुरू झालं, १९४० मध्ये वाफेच्या इंजिनावर वाहतूक सुरू झाली आणि १९४४ मध्ये वीज आली. एका बोगद्यात गाडी डोंगराच्या पोटातच पूर्ण वळण घेऊन उलट दिशेला तोंड करते. नदी तीनदा आडवी येते, पण तिच्यावर पूल एकही नाही. रुळांखालून नदीसाठीच बोगदे काढले आहेत. हिमस्खलनाच्या प्रदेशात पूल टिकवण्यापेक्षा ते शहाणपणाचं ठरलं.

वाटेत गाडी ख्योसफॉसेन धबधब्यापाशी काही मिनिटं थांबते. लाकडी फलाटावर उतरलं की तुषारांनी चष्मा क्षणात ओला होतो. मोबाइल जपा. उन्हाळ्यात संगीत सुरू होतं आणि धबधब्याच्या कडेला लाल वस्त्रातली एक नर्तकी दिसते. ती हुल्ड्रा, नॉर्वेच्या लोककथांतली माणसाला भुलवून डोंगरात नेणारी रानातली स्त्री. काहींना हा प्रकार पर्यटकी वाटतो. मला पाण्याच्या त्या गर्जनेत तो शोभून दिसतो.

जाऊन-येऊन साधारण दोन तास. म्युर्दालला उतरून करण्यासारखं फारसं नाही, त्याच गाडीने परत या. क्रूझच्या दिवशी तिकिटं संपतात, तेव्हा जहाजाच्या वेळा हातात आल्या की लगेच ऑनलाइन काढा. सकाळची पहिली किंवा दुपारची उशिराची गाडी कमी गर्दीची.

नॅरॉयफ्योर्ड क्रूझमधूनच दिसतो ना?

मोठ्या जहाजातून फक्त त्याचं तोंड दिसतं. आत जायला फ्लोमहून गुडवांगेनला जाणारी प्रवासी बोट घ्यावी लागते. हा फ्योर्ड सुमारे १७ किलोमीटर लांब आणि सर्वांत अरुंद जागी केवळ २५० मीटर रुंद. गायरांगरफ्योर्डबरोबर २००५ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

या मार्गावर २०१८ पासून पूर्ण विजेवर चालणारी बोट आहे: कार्बन फायबरची, ४०० प्रवाशांची. बाहेरच्या तिरक्या मार्गिकांवरून चालत वरच्या डेकपर्यंत जाता येतं. गुडवांगेनच्या धक्क्याला तरंगती बॅटरी आहे, ती दिवसभर गावाच्या वीजवाहिनीतून हळूहळू भरते आणि बोट आली की तिला पटकन वीज देते. छोट्या गावाच्या वाहिनीवर एकदम भार पडू नये म्हणून केलेली ही युक्ती. जाताना बोटीने दोन तास, परत बसने डोंगराच्या बोगद्यांतून वीसेक मिनिटं.

रेल्वे की ही बोट असा पेच पडला तर मी डोळे झाकून बोट सांगेन. इंजिनाची धडधड नसल्यामुळे काठावरच्या धबधब्यांचा आवाज थेट कानावर येतो.

उन्द्रेदालला जाण्यासारखं काय आहे?

माझ्या मते या पूर्ण प्रवासातलं सर्वांत मनात राहणारं ठिकाण. वस्ती शंभराच्या आत-बाहेर, आणि शेळ्या त्याच्या कित्येक पट. १९८८ पर्यंत इथे रस्ताच नव्हता. किराणा, डॉक्टर, टपाल, शवपेटी, सगळं बोटीने.

चर्च फळ्या आणि खांबांच्या जुन्या पद्धतीचं, साधारण ११४७ सालचं मानलं जातं. आजही वापरात आहे. बसायला जागा चाळीसेक माणसांना. बाहेरून साधं पांढरं, पण दार वाकून आत गेलं की डोळे सरावायला क्षणभर लागतो आणि मग छतावर, भिंतींवर रंगवलेले तारे, देवदूत, प्राणी उलगडू लागतात. रंग गावठी, रेषा जाड, चित्रकाराचा हात शिकाऊ. म्हणूनच ती चित्रं जवळची वाटतात. बाकावर बसलं की दोन्ही भिंती जवळजवळ हाताला लागतील असं वाटतं.

फ्लोमहून लहान वेगवान बोटींच्या सहली इथे येतात आणि त्यांत शेळीच्या चीजची चव देतात. गाडीनेही बोगद्यातून आणि अरुंद दरीतून येता येतं. चर्च नेहमी उघडं नसतं, सहल घेताना आत प्रवेश आहे का ते विचारा.

ते तपकिरी चीज शाकाहारी आहे का? चव कशी असते?

नॉर्वेत त्याला ब्रुनोस्ट म्हणतात. पांढरं चीज काढल्यावर उरलेलं व्हे, म्हणजे निवळ, काही तास आटवत ठेवतात. त्यातली साखर तपकिरी होते, करपायच्या आधी आटवणं थांबवतात. शेळीच्या दुधाचं असेल तर गोडीच्या मागून एक उग्र, खारट चव येते. पातळ काप करून पावावर खातात. जाड तुकडा तोंडात टाकलात तर आवडणार नाही.

शाकाहाराचं म्हणाल तर, निवळ ज्या चीजपासून निघते ते दूध बरेचदा प्राणिजन्य रेनेट घालून फाडलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विकणाऱ्याला स्पष्ट विचारावं. उन्द्रेदालसारख्या गावात विकणारा बहुधा बनवणाऱ्याच्या घरचाच असतो, उत्तर नीट मिळतं.

स्टेगास्टाइनला जावं का?

हवा स्वच्छ असेल तर जरूर. आउर्लानच्या वर, फ्योर्डपासून ६५० मीटर उंचीवर, लाकूड आणि पोलादाचा एक सज्जा डोंगरातून तीस मीटर बाहेर काढला आहे. २००६ साली बांधलेला. टोकाला कठड्याऐवजी तिरकी काच. बस फ्लोमहून जाते, रस्ता अरुंद आणि नागमोडी. ढग खाली उतरलेले असतील तर मात्र समोर फक्त पांढरं दिसेल. त्या दिवशी पैसे वाचवा आणि दरीत चालायला जा.

जहाज आठ तास थांबणार. नेमकं काय निवडू?

दोन गोष्टी, तीन नाहीत. नॅरॉयफ्योर्डची बोट आणि दरीतून जुन्या चर्चपर्यंत चालणं, ही माझी पहिली जोडी. मुलं बरोबर असतील तर रेल्वे आणि उन्द्रेदाल. रेल्वे, बोट आणि स्टेगास्टाइन एकाच दिवसात कोंबता येतं, वेळापत्रकात बसतंही, पण मग दिवसभर रांगा आणि घड्याळच बघत राहता.

जहाजाची सहल घ्यावी की आपली आपण फिरावं?

फ्लोममध्ये आपली आपण फिरणं सोपं आहे, सगळं चालत्या अंतरावर आणि पाट्या इंग्रजीत. स्वस्तही पडतं. फरक एकच: जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर थांबत नाही. म्हणून शेवटची बोट किंवा बस अशी निवडा की परतीच्या ठरलेल्या वेळेआधी दीड तास हाताशी राहील. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा. काही वेळा ती स्थानिक वेळेहून वेगळी असते.

शाकाहारी जेवणाचं काय? घरून खाऊ नेता येतो का?

जहाजावर अडचण नसते. मोठ्या जहाजांवर भारतीय पदार्थ बहुधा असतात, जैन जेवणासाठी बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा. गावात पर्याय मोजके आणि महाग. एका सँडविच-कॉफीचं बिल बघून रुपयांत हिशेब करायचा मोह टाळा.

नॉर्वेत युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तेव्हा पेढे, बर्फी, तुपाचा डबा नको. चिवडा, चकली, तेलातल्या पुऱ्या चालतील. जहाजावरच्या बुफेतलं खाणं बांधून किनाऱ्यावर न्यायलाही बहुतेक कंपन्या मनाई करतात. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. बाटली तेवढी न्या.

कपडे कोणते?

थर महत्त्वाचे. उन्हाळ्यात गावात १२ ते २० अंश, पण पहाटे चालत्या जहाजाच्या डेकवर वाऱ्यामुळे कितीतरी थंड वाटतं. आतून थर्मल, वर स्वेटर, सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. कानटोपी आणि हातमोजे जूनमध्येही. छत्री वाऱ्यात निरुपयोगी. बुटांचा तळ खरखरीत हवा, ओल्या दगडावर नवे गुळगुळीत बूट घात करतात.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल?

फ्लोम त्यांच्यासाठी बहुतेक फ्योर्डगावांपेक्षा सोयीचं. जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या बोटीत उतरायची कसरत नाही, आणि स्टेशन समोरच. बोट आणि रेल्वे दोन्हीत बसून सगळं दिसतं. व्हीलचेअर असेल तर दोन्हीकडे आधी कळवून जागा राखून घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि प्रिस्क्रिप्शनची इंग्रजी प्रत बरोबर असू द्या. गावात मोठं इस्पितळ नाही.

पैसे आणि फोन?

चलन नॉर्वेजियन क्रोन. रोख जवळजवळ लागतच नाही, कार्ड सगळीकडे चालतं. मशीनने रुपयांत की क्रोनमध्ये असं विचारलं तर क्रोन निवडा. जहाज समुद्रात असताना फोन फ्लाइट मोडवर हवा, नाहीतर तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल हजारोंत येतं.

गावात वावरताना काय पाळावं?

नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानावनात कुणालाही फिरायचा हक्क आहे. हा हक्क घराच्या अंगणाला, कुंपणातल्या शेताला आणि उभ्या गवताला लागू नाही. लाकडी सुबक घर दिसलं म्हणून पायरीवर बसून फोटो काढू नका, आत कुणाचा तरी संसार चाललेला असतो. शेळ्यांची फाटकं जशी होती तशी, उघडी असतील तर उघडी, बंद असतील तर बंद ठेवा. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. आणि गटाने फिरताना आवाज. अरुंद दरीत तो दुप्पट होऊन पसरतो, हे तिथे गेल्यावरच कळतं.

एवढ्या मोठ्या जहाजांमुळे फ्योर्डचं नुकसान होत नाही का?

होतं. वारा नसलेल्या दिवशी धूर कड्यांमध्ये अडकून निळसर थर तयार होतो. दरी अरुंद, त्यामुळे तो सहज निघून जात नाही. नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये ठरवलं की जागतिक वारसा फ्योर्ड २०२६ पर्यंत उत्सर्जनमुक्त करायचे. पुढे मोठ्या जहाजांना मुदत वाढवून मिळाली. आता नियम असा: १०,००० ग्रॉस टनांखालच्या प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून शून्य उत्सर्जन, त्याहून मोठ्यांना २०३२ पासून. फ्लोमचा आउर्लान्सफ्योर्ड यात येतो. सांडपाणी सोडायला तिथे त्याआधीपासूनच बंदी आहे.

गावाच्या दृष्टीने हा पेच खरा आहे. दुकानं, बोटी, नोकऱ्या याच प्रवाशांवर चालतात. मुदतवाढ मला पटलेली नाही. आधी ठरलेली तारीख पाळली असती तर कंपन्यांनी जहाजं बदलायची घाई केली असती. आपल्या हातात आहे ते एवढंच: शक्य तिथे लहान जहाज, आणि गावात विजेवरची बोट.

क्रूझ न घेता हे बघता येईल का?

अगदी छान येतं. बर्गनहून रेल्वेने व्हॉस, तिथून बसने गुडवांगेन, बोटीने फ्लोम, फ्लोमच्या रेल्वेने म्युर्दाल आणि परत बर्गन किंवा पुढे ओस्लो. उन्हाळ्यात बर्गन ते फ्लोम थेट वेगवान बोटही आहे, साडेपाच तासांची, पूर्ण सोग्नेफ्योर्ड दिवसाउजेडी दाखवणारी. फ्लोम किंवा आउर्लानला एक रात्र राहिलात तर संध्याकाळी जहाजं गेल्यानंतरचं गाव मिळतं. चार-पाच जण मिळून जाणार असाल तर खर्चही क्रूझच्या फार वर जात नाही.

फ्लोम की गायरांगर?

नुसतं डोळ्यांचं बघितलं तर गायरांगर सरस. १५ किलोमीटरच्या फ्योर्डमध्ये "सात बहिणी" नावाचा धबधबा आणि समोरच्या काठावर त्यांना मागणी घालणारा "प्रियकर" नावाचा दुसरा. कड्यावर टांगल्यासारखी सोडून दिलेली शेतघरं: क्निव्हस्फ्लो, स्कागेफ्लो. क्निव्हस्फ्लोची माणसं वरचा कडा कोसळण्याच्या भीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला घर सोडून गेली. लहान मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं तिथे सांगतात. राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी १९९३ मध्ये लग्नाचा पंचविसावा वाढदिवस स्कागेफ्लोला साजरा केला.

तिथे बरीच जहाजं फ्योर्डमध्येच नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने उतरवतात, त्यात वेळ जातो. ज्येष्ठांसाठी म्हणून फ्लोम बरं. गावात उतरलात तर १८४२ चं अष्टकोनी चर्च आणि धबधब्याच्या कडेने वर जाणाऱ्या ३२७ पायऱ्या चुकवू नका. अकरा वळणांचा गरुडमार्ग १९५५ चा, वरून सगळा फ्योर्ड दिसतो.

लोक विचारतात की तिथे सुनामीचा धोका आहे हे खरं का. खरं आहे. जवळच्या ओक्नेस डोंगराला भेग पडली आहे आणि ती दरवर्षी काही सेंटिमीटर रुंदावते. तो भाग फ्योर्डमध्ये कोसळला तर लाट गायरांगर आणि हेलेसिल्ट गावांवर येईल. याच परिसरात ताफ्योर्डला ७ एप्रिल १९३४ ला असा कडा कोसळून ४० माणसं गेली. म्हणूनच आज ओक्नेसवर रात्रंदिवस यंत्रांनी लक्ष ठेवलं जातं. अशी दरड कोसळण्याआधी हालचाल वाढत जाते आणि गाव रिकामं करायला वेळ मिळेल अशी व्यवस्था आहे. प्रवाशाने जाणं टाळावं असं काही नाही. गावात उतरल्यावर सुटकेच्या वाटेच्या पाट्या कुठे आहेत तेवढं बघून ठेवा आणि सायरन वाजला तर चढाकडे चालू लागा.